बारा मिनिटं पुढं

इराप्पा म्हमाण्यांचा फोन आला दुपारी सव्वातीनला,
म्हणजे त्यांच्या घड्याळात तीन सत्तावीसला.
हे मला नंतर कळलं.

"चिलवेरी म्याडम, गोडाऊनचं मशीन आत घेईना झालंय ओ.
नाव बरोबर, पासवर्ड बरोबर,
तरी म्हणतंय ओळख पटली नाही.
सतरा वर्षं हितं काढली. आता मी कोण ते त्याला सांगू?"

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत स्कूटर लावली.
आत टॉवेलांचे गठ्ठे पत्र्याला टेकलेले,
खळीचा वास,
पंख्याखाली स्टुलावर तांब्याभर पाणी
ताटली झाकून, माझ्यासाठी.

आधी केबल. माणूस आधी केबलच बघतो,
रडणाऱ्या पोराची जशी आधी चड्डी.
केबल शाबूत, हिरवा दिवा लुकलुकता.
सर्व्हरला चार हाका मारल्या, चारींना ओ आली.
पोर्ट उघडं.
कॅप्स लॉक चालू होतं का, विचारलं,
तर त्यांनी दुखावून बघितलं.
पासवर्ड नवा करून दिला, तोही नाही चालला.
मग माझ्याच नावानं आत जायला गेले.
मलाही नाही घेतलं.
तेव्हा कुठं त्यांना जरा बरं वाटलं.

मलाही. म्हणजे दोष माणसात नव्हता.

लॅपटॉपवर सर्व्हरचा लॉग उघडला.
लॉग कुणाची बाजू घेत नाही,
शंभर ओळी तेच ते पुटपुटतो
आणि एका ओळीत खरं बोलून जातो:
घड्याळांत तफावत.

इथं आत जायला तिकीट लागतं, वेळ घातलेलं.
पाच मिनिटं मागंपुढं सर्व्हर चालवून घेतो,
सहावं नाही.
कुणी जुनी चिठ्ठी चोरून पुन्हा दाखवली तर,
ही त्याची भीती. ती खोटी नाही.

मान वर केली. भिंतीवर चार वीस.
स्क्रीनच्या कोपऱ्यात चार वीस.
माझ्या मनगटावर चार आठ.

"हे कुणी केलं?"
"मीच की. आज सकाळी. भिंतीशी जुळवून घेतलं.
मागल्या खेपेला तुम्हीच शिकवलाव, कसं लावायचं ते."

आणि भिंतीवरचं?
ते गठ्ठ्याची दोरी आवळत राहिले.
"आमचे बाबा साच्यावर होते. भोंगा थांबला की गेट बंद.
एकदा तळ्यापाशी सायकलची चेन पडली,
दोन मिनिटं, जास्त नाही.
गेटवाला आमच्याच गल्लीतला.
बाबांच्या हातात पितळी बिल्ला, नंबर ठोकलेला.
म्हणाला, तू कोण ते ठाऊक आहे मला,
पण वेळ झाली.
तवापासनं आमच्यात घड्याळ बारा मिनिटं पुढं."

बाराच का, हे मी विचारलं नाही.

मशीनची वेळ सर्व्हरशी बांधून टाकली.
कोपऱ्यातले आकडे मुकाट मागं सरकले,
नाव टाकलं, आत.
स्टॉकची यादी उलगडली, भगवे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे.
भिंतीवरच्या घड्याळाला मी हात लावला नाही.
ते कुठल्याच नेटवर्कवर नाही.

"आता ह्याला टाइम कोण सांगणार?"
सर्व्हर.
"आन त्याला?"
त्याच्या वरचा.
"आन त्याला?"
अजून वरचा, कुठंतरी लांब.
ते हसले. पानानं रंगलेले दात.
"म्हणजे भोंगा हायच की अजून.
निस्ता ऐकू येईना झालाय."

रिपोर्टमध्ये लिहिलं,
कारण: वेळेतील फरक. उपाय: वेळ जुळवली.
शेरा म्हणून एक रकाना असतो.
पेन तिथं थोडा वेळ टेकवून ठेवलं, मग उचललं.

साडेचारचा ट्रक
पाच दहाला आला,
दोन्ही घड्याळांत उशिरा.